गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायला तुम्ही नक्की काय करता? (अनुभव धागा)

हिंजवडीचा वारकरी:
पुण्यात पेट्रोलने 2021 मध्ये शंभरी ओलांडली ती ओलांडलीच, खाली यायचं नाव नाही. घर बिबवेवाडीला, ऑफिस हिंजवडीत, म्हणून हा धागा. स्वतः करून बघितलेलं लिहा, मेव्हण्याच्या मित्राच्या गाडीचं नको. आणि अ‍ॅव्हरेज फुल टू फुल काढलेलं सांगा, म्हणजे एकाच पंपावर, ऑटोकट पडला की थांबायचं, ट्रिपमीटर शून्य. डॅशबोर्डवरचा आकडा नको, तो बहुतेक गाड्यांत मालकाचं मन राखतो. माझ्यापुरतं सांगायचं तर सकाळी सातच्या आत वाकड गाठलं की 17 देते, नऊला निघालं की 12-13. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा पण तोच.

कर्वेनगरची काकू:
हवा!! दर पंधरवड्याला चेक करते. पंक्चरवाला डोळे झाकून 40 भरतो त्याला आधी थांबवायचं, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो त्यावर जो आकडा असेल तोच. टायर गार असताना बघायची, लांबून चालवत गेलात की हवा तापून प्रेशर जास्त दाखवतं आणि मग तो काढून टाकतो. हवा कमी असली की गाडी जड ओढते, आमच्या स्कूटरला तर लगेच कळतं.

पान्हा बारा-तेरा:
काकूंचं बरोबर. त्याच्या पुढचं सांगतो, चाक मोकळं फिरतंय का ते बघा. एक गिऱ्हाईक आलं, 15 देणारी गाडी 11 वर आलेली, दुसरीकडे प्लग फिल्टर सगळं बदलून झालेलं. मी गाडी नुसती जांभूळवाडीपर्यंत नेऊन आणली, ब्रेक फारसा न मारता, आणि चारही रिमजवळ हात धरला. तीन कोमट, मागचं डावं चटका देतंय. जॅकवर उचललं तर हाताने फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, म्हणजे माणूस रोज ब्रेक लावूनच गाडी रेटत होता. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवली की हे होतं.
बाकी एअर फिल्टरबद्दल लोक फार बोलतात. कार्बोरेटरच्या जमान्यात फिल्टर तुंबला की गाडी पेट्रोल प्यायची. आता इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळे पिकअप मरतो पण अ‍ॅव्हरेजला फारसा फरक नाही. बदला जरूर, चमत्काराची वाट बघू नका.

सातारा रोडवाला:
आपला फंडा सोपा, उतार आला की न्यूट्रल. खंबाटकी उतरताना थेंब लागत नाही.

पान्हा बारा-तेरा:
साहेब, लागतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला चालू असतं, म्हणजे पेट्रोल जातंच. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तर इंजेक्शनच्या गाडीत सप्लायच बंद होतो, चाकं इंजिन फिरवतात, वर इंजिन ब्रेकिंग फुकट. आणि नवले पूल विसरलात का? नोव्हेंबर 2022 मध्ये त्या उतारावर एका अवजड गाडीने चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचं तेव्हा पुढे आलं होतं. डिझेल किती वाचलं असेल?

सातारा रोडवाला:
हे माहीत नव्हतं. ठीक.

डिझेलचा हट्टी:
बीएस6 डिझेल घेऊन रोज कोथरूड ते डेक्कन करणाऱ्यांनो, जरा थांबा. सायलेन्सरच्या लाईनीत डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो त्यात काजळी साठते, ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही म्हणून ते जाळणं अर्धवट राहतं, मग परत साठते, परत जाळते. अ‍ॅव्हरेज कुठे गेलं कळत नाही. मी रविवारी लोणावळ्यापर्यंत एका चालीत नेऊन आणतो, दिवा लागत नाही. बायको म्हणते गाडीसाठी चिक्की खायला जातो हा माणूस.

दोन तासात दादर:
एक्सप्रेसवे 94.5 किमीचा. 100 ने गेलात तर 57 मिनिटं, 85 ने 67. दहा मिनिटं! तेवढ्यात फूडमॉलवर वडापावची लाईनही हलत नाही. मी 85 धरतो, लिटरमागे दोनेक किमी जास्त मिळतात कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या वेगाला काचा उघडून एसी वाचवण्यातही अर्थ नाही, काचा गावात उघडा. आणि वरचं कॅरिअर ट्रिप झाली की काढा हो, दिवाळीपासून तसंच मिरवतात.

नगर रोडची पीडित:
ई20, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून अ‍ॅव्हरेज कमी झालंय का कुणाचं? माझं 16 चं 15 झालंय, ड्रायव्हिंग तेच आहे.

डिझेलचा हट्टी:
होणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, 20 टक्के मिसळलं की हिशोब करा. त्यासाठी गॅरेजला पैसे घालू नका.

हिंजवडीचा वारकरी:
काकू, आज बघितलं, स्टिकरवर 33 आहे आणि टायरात 24. पान्हासाहेब, चाकं दाखवायला शनिवारी येतो, गॅरेज कुठे तुमचं?

पान्हा बारा-तेरा:
रिटायर झालो. जॅक आहे ना डिकीत? तुम्हीच फिरवून बघा.