'एचिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: दातांच्या लॅबमधल्या मुलांसाठी सूचनापत्रक मराठीत करतेय. पोर्सेलिनचं व्हेनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर बसवायचं पातळ कवच, दातावर चिकटवण्याआधी त्याची आतली बाजू 'एच' करतात. जुन्या मसुद्यात त्याला 'कोरीवकाम' म्हटलंय, आणि रिस्टोरेशनला (दात दुरुस्त करायला बसवतात ते व्हेनिअर, कॅप वगैरे) चक्क 'जीर्णोद्धार'!

प्रतिसाद: जीर्णोद्धार देवळांचा होऊ दे. 'कोरीवकाम' म्हटलं की हत्यार आलं, नक्षी आली. इथे हायड्रोफ्लोरिक आम्ल पोर्सेलिनमधला काचेचा भाग विरघळवतं, सूक्ष्म खळगे पडतात आणि रेझिन सिमेंट त्यांत शिरून पकड घेतं. पाट्याला टाकी लावतात त्यातलाच प्रकार. 'आम्लाने खरबरीत करणे' लिहा. 'खडबडीत' नको, तो रस्ता असतो.

प्रतिसाद: मी दंतवैद्य. 'खरबरीत' पसंत, पण दर वेळी आम्लाचं नाव घाला. दातालाही आम्ही एच करतो, ते फॉस्फोरिक आम्लाने. एनॅमलवरची ही युक्ती दंतवैद्य बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. हायड्रोफ्लोरिकचं प्रकरण वेगळं. ते कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम पकडतं, म्हणून हातमोजे हवेतच आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी हवी. नुसतं 'आम्ल' लिहिलंत आणि कुणी बाटल्यांची अदलाबदल केली तर?

वेळही पदार्थागणिक बदलते. लिथियम डायसिलिकेट या काचेच्या सिरॅमिकला ५ टक्क्यांचं हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद पुरतं, फेल्डस्पारच्या पोर्सेलिनला मिनिटभर किंवा जास्त. झिर्कोनिया या सिरॅमिकमध्ये विरघळायला काचच नाही, तिथे अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करतात. त्याला कृपया 'एच' म्हणू नका.

प्रश्न: आणि एचनंतर, सिमेंटच्या आधी लावतात ते सिलेन? 'कपलिंग एजंट'साठी कोशात 'युग्मक' सापडलं.

प्रतिसाद: अहो, दहावीच्या पोरांना विचारा, युग्मक म्हणजे शुक्रपेशी नि अंडपेशी! सिलेनच राहू द्या. फार तर पहिल्यांदा 'जोडरसायन' म्हणून ओळख करून द्या: एक टोक सिलिकाला धरतं, दुसरं रेझिनला. लॅबमध्ये कुणीही 'सिलेन लावलं का?' असंच विचारतं.

प्रतिसाद: पुन्हा दंतवैद्य. एचनंतर नीट धुतल्यावरही पोर्सेलिनवर कधी पांढुरकी पूड राहते. ती म्हणजे साचलेले क्षार. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात) घालून काढायची, मगच सिलेन. पण नुसतं 'पांढरं दिसलं की साफ करा' लिहू नका. एच झालेला पृष्ठभागही मंद, बिनचकाकीचा दिसतो, आणि नवी मुलं तोच घासत बसतात.