चीनने परदेशातला कोळसा सोडला म्हणे. खरंच?

काळा_चहा
२१ सप्टेंबर २०२१. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शी जिनपिंग यांचं आधी रेकॉर्ड केलेलं भाषण लावलं. त्यात 'जागतिक विकास उपक्रम' नावाची नवी पाटी होती, आणि परदेशात कोळशाचे नवे वीजप्रकल्प बांधणार नाही असा शब्द होता. पाटीचं सोडा, पुढच्या दोन वर्षांत सुरक्षेची आणि संस्कृतीची अशा आणखी दोन आल्या. शब्दाचं मात्र मला कौतुक वाटतं. जपान आणि दक्षिण कोरियाने त्याच वर्षी आधी हात काढून घेतला होता. सरकारी पैशाने परदेशात कोळशाची केंद्रं उभारणारा मोठा गडी चीनच उरला होता, आणि त्यानेही नळ बंद केला. आपल्याकडे चीन म्हटलं की गलवानवर गाडी अडते, म्हणून मुद्दाम धागा काढला.

आतबाहेर
कसला नळ बंद? इंडोनेशियात सुलावेसी बेटावरचं मोरोवाली हे निकेलच्या कारखान्यांचं औद्योगिक क्षेत्र बघा. २०२० पासून इंडोनेशियाने कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, तर चिनी कंपन्यांनी भट्ट्याच तिथे वाढवल्या. त्यांना वीज लागते ती कुंपणाच्या आतल्या कोळशाच्या केंद्रांतून. २०२१ नंतरही तिथे अशी केंद्रं उभी राहिली. कागदावर तो कारखान्याचाच एक भाग, त्यामुळे शब्दही मोडला नाही आणि धूरही थांबला नाही. त्यातलं काही निकेल पुन्हा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत जातं, ही त्यावरची कडी.

काळा_चहा
पळवाट आहे, मान्य. पण दार उघडं असतं तर कुंपणावरून उड्या कशाला माराव्या लागल्या असत्या? केनियातल्या लामूचा चिनी कर्जावरचा १,०५० मेगावॉटचा कोळसा प्रकल्पही गुंडाळलाच ना.

आतबाहेर
लामूचं श्रेय चीनला? अहो, जुनं लामू शहर जागतिक वारसा यादीत आहे. तिथले गावकरी आणि मच्छीमार भांडले. जून २०१९ मध्ये केनियाच्या पर्यावरण न्यायाधिकरणाने परवाना रद्द केला, कारण लोकांना धड विचारलंच नव्हतं. शी यांचं भाषण त्यानंतर दोन वर्षांनी झालं.

निवांत_नाना
श्रीलंकेतलं हंबनटोटा विसरलात का सगळे? कर्ज द्यायचं आणि बंदर गिळायचं!

काळा_चहा
नाना, धागा विजेचा आहे. आणि २०१७ च्या त्या ९९ वर्षांच्या भाडेकरारात कर्ज माफ झालंच नव्हतं. १.१२ अब्ज डॉलर आले ते श्रीलंकेच्या गंगाजळीत गेले, कर्ज जिथल्या तिथे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

मीटर_फिरतंय
तुम्ही केनियापर्यंत गेलात आणि शेजारच्या घरात डोकावलाच नाहीत. पाकिस्तानी पंजाबात साहिवालला चीनने सीपेकखाली (चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिका) १,३२० मेगावॉटचं कोळसा केंद्र बांधलं, २०१७ मध्ये ते सुरू झालं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि कोळसा आयातीचा! बंदरातून रेल्वेने आणायचा. अशा केंद्रांचे करार असे, की वीज घ्या नाहीतर घेऊ नका, केंद्र तयार ठेवल्याचे पैसे मोजायचेच, तेही डॉलरशी बांधलेले. तिथला रुपया घसरला की बिल चढलंच.

लोक कंटाळले. २०२४ या एका वर्षात पाकिस्तानात सुमारे १७ गिगावॉटचे सोलर पॅनेल आले, जवळपास सगळे चिनी. त्यासाठी ना शिखर परिषद झाली ना हस्तांदोलनाचे फोटो. व्यापाऱ्यांनी कंटेनर मागवले, लोकांनी गच्चीवर चढवले. ज्याच्याकडे गच्ची आणि गाठीला पैसा, तो महागड्या सरकारी विजेतून बऱ्यापैकी सुटला. केंद्रांचे ठरलेले पैसे मात्र कमी झाले नाहीत, ते उरलेल्यांच्या बिलात आले. म्हणजे भाड्याच्या खोलीत एक पंखा आणि दोन दिवे असलेल्या माणसाच्या. कोळशाचं केंद्र दिलं चीननेच, त्यातून सुटायची शिडीही विकली चीननेच. यात शाश्वत विकास नेमका कोणाचा झाला, काळा_चहा?

काळा_चहा
करारावर सही पाकिस्तानची होती, बंदुकीच्या धाकावर घेतलेली नव्हती. आणि पॅनेल इतके स्वस्त का झाले तेही बघा. चीनने २०२४ मध्ये स्वतःच्या घरात २७७ गिगावॉट सौरऊर्जा जोडली. एवढ्या प्रचंड उत्पादनामुळे भाव पडले. मुत्सद्द्यांपेक्षा कारखान्यांनी जास्त काम केलं म्हणा हवं तर. तेवढ्यापुरती माझी माघार.

आतबाहेर
त्याच २०२४ मध्ये घरात सुमारे ९४.५ गिगावॉटच्या कोळसा केंद्रांचं बांधकामही सुरू केलं, हेही त्याच दमात सांगा की.

सोलरवाला_सांगली
मी छपरावर पॅनेल बसवतो, तुमच्याएवढं वाचन नाही. २०२२ पासून आपण बाहेरच्या मॉड्यूलवर, म्हणजे तयार पॅनेलवर, ४० टक्के सीमाशुल्क लावलं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "भारतीय आहे ना?" अनुदानाच्या योजनेत आतले सेलसुद्धा भारतीय लागतात, तिथे मी छाती काढून हो म्हणतो. विनाअनुदान कामात मॉड्यूल भारतीयच असतं. आतल्या सेलचं विचारलं, की मी चहा मागवतो.