मदत हवी आहे: बिअर बिघडलेली होती की मला कळली नाही?

मंडळी, विषय पिण्याचा आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी पुढचा धागा उघडावा.

आमच्या बाणेरकडे नुकताच एक नवीन पब उघडलाय. काचेमागे स्टीलच्या मोठ्या टाक्या, तिथेच बनवतात, तिथेच विकतात. आमची पिढी थंडगार बाटली आणि उकडलेले शेंगदाणे यावर वाढलेली. बिअर म्हणजे माइल्ड नाहीतर स्ट्राँग, तिसरा प्रकार माहीत नाही. भाच्याने (वय २२, म्हणजे महाराष्ट्रात बिअरपुरता कायदेशीर) धरून नेलं आणि सँपलर मागवला. लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आले.

गव्हाची बिअर, नाव हेफेवाइझन. नाकाजवळ नेली तर चक्क शिकरण! वर लवंगेचा वास. मला वाटलं इसेन्स घातलाय. मग बेल्जियन विट, तिला धन्याची चव. आयपीए (इंडिया पेल एल) म्हणजे कारल्याचा रस, भाचा मात्र डोळे मिटून पीत होता. काळ्या स्टाउटला मी हातच लावला नाही, रंगावरूनच ती सगळ्यात कडक वाटली. सायडर गोड, ठीक.

खरी अडचण साध्या लागरची. सहातली हीच ओळखीची निघेल म्हणून शेवटी ठेवली होती. तिला थिएटरातल्या पॉपकॉर्नचा, लोण्याचा वास. घोट घेतला तर जिभेवर तेलकट बुळबुळीत. वेटरला विचारलं, तो म्हणाला, "सर, क्राफ्ट बिअर अशीच असते." आता यावर काय बोलणार? आपल्याला कळत नाही म्हणून गप्प बसलो, बिल दिलं, रिक्षाने घरी आलो.

येत्या रविवारी कोल्हापूरहून भाऊजी येतायत. ते फक्त स्ट्राँग पितात, तीही बर्फासारखी गार. त्यांना तिथे न्यावं का? आणि मुख्य प्रश्न: चव वेगळी आहे की माल खराब आहे, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं?

कडूकारलं: आयपीएचा अपमान सहन केला जाणार नाही. :) इंग्लंडहून इकडे येणाऱ्या पेल एलमध्ये (एल हा बिअरचाच एक प्रकार) प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) जास्त घालत, नावातलं 'इंडिया' तिथलं. तुमची चूक एवढीच की लागर शेवटी प्यायलात. कडू बिअरनंतर जीभ कामातून जाते. हलकी आधी, कडू आणि काळी नंतर.

टाकीवाला: घरी बिअर करून दोन-तीनदा हात पोळलेत, म्हणून लिहितो.

शिकरण बरोबर आहे. केळं घातलेलं नसतं, इसेन्सही नाही. त्या जातीचं यीस्टच आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट बनवतं, आणि केळ्याच्या इसेन्समध्येही तेच असतं. लवंगेचा वासही यीस्टचाच. हेफेवाइझनला हे दोन्ही वास नसतील तर उलट तक्रार करावी. विटमध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे तुमची जीभ शाबूत आहे.

लोणी हा दोष आहे. त्या पदार्थाचं नाव डायअ‍ॅसिटिल. आंबताना तो तयार होतोच, पण थोडे दिवस टाकीत राहू दिलं तर यीस्ट तो परत खाऊन टाकतं. नवीन जागा, दारात गर्दी, टाकी घाईने काढली की लोणी राहतं. काही इंग्लिश एलमध्ये किंचित चालतं, साध्या लागरमध्ये नाही. दुसरं कारण नळी. टाकीपासून नळापर्यंतची नळी साधारण दर दोन आठवड्यांनी धुवायला हवी, नाहीतर आत जंतू वाढतात आणि लोण्याबरोबर आंबटपणाही येतो. म्हणून विचारतो: नुसतं लोणी होतं की आंबटही?

धागाकर्ता: आंबट नव्हती. नुसतं लोणी.

टाकीवाला: मग बहुधा घाई. पुढच्या वेळी ग्लास दोन मिनिटं तळहातात धरा. थंडीत वास लपतो, कोमट झाली की दोष असेल तर वर येतो. आणि वेटरशी वाद घालू नका, ब्रुअर आहे का विचारा. जो स्वतः बनवतो त्याला लोणी म्हटलं की लगेच कळतं. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची, उकडलेल्या मक्याचा आला तर उकळण्यात गडबड. एवढ्या तीन वासांवर बराच काळ निभावतं.

पाटीवरचा_पुणेकर: बव्हेरियात १५१६ साली कायदाच होता, बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा उल्लेखही नाही, कारण ते काय असतं हेच ठाऊक नव्हतं. गव्हाच्या बिअरचा हक्क मात्र पुढे राजघराण्याने स्वतःकडे ठेवला. म्हणजे तुमची शिकरण शाही आहे.

सौ_सोलापूरकर: काका, स्टाउटला रंगावरून घाबरू नका. रंग भाजलेल्या धान्याचा असतो, त्याचा कडकपणाशी संबंध नाही. गिनेस ही प्रसिद्ध स्टाउट सव्वाचार टक्के अल्कोहोलच्या आसपास असते, तुमच्या भाऊजींच्या स्ट्राँगच्या जेमतेम निम्मी. फळ्यावर एबीव्ही (अल्कोहोलचे टक्के) लिहिलेलं असतं ते बघा, कडूपणासाठी आयबीयू. भाऊजींना आयपीए देऊन घरात भांडण लावू नका, गव्हाचीच द्या.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो. ब्रुअर पंचविशीतली मुलगी निघाली. तळहाताचा प्रयोग तिच्यासमोरच केला, तिने वास घेतला आणि काही न बोलता आत गेली. निघताना पाहिलं तर लागरच्या नळावर 'उपलब्ध नाही' असा कागद चिकटवलेला. भाऊजींनी "ही गार का नाही?" म्हणत शिकरणवाली तीनदा मागवली. स्टाउट मी अर्धा ग्लास प्यायलो, कोरी कॉफी आठवली. तिच्याबरोबर खायला काय मागवावं? चकली अजिबात जमली नाही.

कडूकारलं: चॉकलेट केक. हसू नका, खाऊन बघा.