टुंबा : हॉकीची स्टिक, फुटबॉल आणि गोल्फ

एकाच वेळी अनेक खेळ खेळणारा खेळाडू कशातच पारंगत होत नाही, हे मत स्वीडनच्या स्वेन 'टुंबा' योहान्सनकडे पाहिल्यावर मला पटत नाही. १९३१ साली स्टॉकहोममध्ये जन्मलेला आणि जवळच्या टुंबा गावात वाढलेला हा खेळाडू पुढे त्या गावाच्याच नावाने ओळखला गेला. योहान्सन आडनावाची माणसे तिकडे गल्लोगल्ली असल्यामुळे ते सोयीचेही होते.

यूरगॉर्डन क्लबकडून त्याने आइस हॉकीची ८ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि त्याच क्लबच्या फुटबॉल संघातून १९५९ चे लीग विजेतेपदही. १९५७ च्या आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेतला निर्णायक सामना मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानात उघड्यावर तयार केलेल्या बर्फावर, ५० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. यजमानांना ४-४ असे रोखून स्वीडनने सुवर्णपदक नेले. कॅनडा आणि अमेरिका त्या वर्षी हंगेरीतील सोव्हिएत कारवाईच्या निषेधार्थ आले नव्हते, हेही सांगायला हवे. त्याच वर्षी तो बॉस्टन ब्रुइन्स या अमेरिकी संघाच्या सराव शिबिरात गेला, पण एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये खेळला नाही.

पुढे गोल्फमध्येही त्याने स्वीडनचे प्रतिनिधित्व केले आणि सोव्हिएत काळाच्या अखेरीस मॉस्कोत गोल्फ नेण्यात पुढाकार घेतला. १९५९ पासून दूरचित्रवाणीवर दिसणारी मुलांची जिल्हावार हॉकी स्पर्धा 'टीव्ही-पुकेन' ही मूळ त्याचीच कल्पना.