मोमेंटोवरचं मंदिर काळं का पडतं

लाकडी मोमेंटोवर (स्मृतिचिन्हावर) लेझरने कोरताना दोन अडचणी येतात: सिद्धेश्वर मंदिराचा फोटो लाकडावर काळा पडतो आणि खालचं मराठी नाव दुकानातल्या पीसीवर बिघडतं. नाव बिघडतं, कारण तिथे तो फॉन्ट नसतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यूने अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवा, मग वेल्ड कराच, म्हणजे ते आकार एकसंध जोडा; नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात, तेवढा भाग लेझर कोरा सोडतो.

फोटो ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटांचा) करा, तोही कोरायच्या प्रत्यक्ष मापात. रेषांतर, म्हणजे लेझरच्या दोन ओळींमधलं अंतर, ०.१ मिमी असेल तर २५४ डीपीआय (एका इंचातले ठिपके) ठेवा. मधल्या छटा स्क्रीनवर फिक्या वाटतील इतक्या उजळा, लाकूड जळून गडदच होतं. तळ्याचं पाणी, आकाश पूर्ण पांढरं करा. डिदरिंग, म्हणजे छटांचे काळे-पांढरे ठिपके करणं, सगळ्यात शेवटी. त्यानंतर माप बदललं की पट्टे उमटतात. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.