गणित ३ वर्षांचं, सेल टिकले १३ दिवस – मदत हवी आहे

लेथवाला:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर असतो. इलेक्ट्रॉनिक्स ही रात्रीची हौस. वडणग्याला आमचा थोडा ऊस आहे. मातीची ओल घरबसल्या कळावी म्हणून एक डबी केली: ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड), ओल मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, लोरा (लांबवर आकडे पाठवणारा रेडिओ) आणि ३ अल्कलाइन पेन्सिल सेल.

दर १५ मिनिटांनी २ सेकंद जाग, तेव्हा ३० मिलिअँप. २ गुणिले ३० म्हणजे ६०, भागिले १५ मिनिटांचे ९०० सेकंद, सरासरी ०.०६७ मिलिअँप. झोपेतले १० मायक्रोअँप (०.०१ मिलिअँप) मिळवून ०.०७७. सेल २००० मिलिअँप-तासांचे धरले तर २६,००० तास, जवळजवळ ३ वर्षं! वडिलांना ऐटीत सांगून बसलो. तेराव्या दिवशी डबीनं मान टाकली. वडील म्हणाले, "तेराव्याचं जेवण घालूया की मग."

साधा मल्टिमीटर आहे. २०० मायक्रोच्या रेंजवर बोर्ड सुरूच होत नाही. २०० मिलिवर झोपेत ६.४ मिलिअँप येतात. लोरा काढला तरी तेवढेच. मीटर खोटा की स्लीपचा कोड?

ओहम्या:
मीटर खरा आहे भावा. झोपेतले ६.४ आणि जागेपणीचे थोडे, धर ६.५. २००० भागिले ६.५ म्हणजे ३०८ तास, झाले ना १३ दिवस? मायक्रो रेंजला मीटरच्या आतला रोधक मोठा असतो. बोर्ड जागा होताना व्होल्टेज त्यातच पडतं, म्हणून रीसेट. सेन्सरला पॉवर कुठून दिलीस? बोर्डावरचा लाल दिवा काढलास?

लेथवाला:
सेन्सर थेट सेलवर. दिवा आहे तसाच.

ओहम्या:
मग चोर घरातच आहे. त्या सेन्सरवर ५५५ टायमर नावाची चिप असते, ती अखंड पाचेक मिलिअँप खाते. उरलेले दिव्याचे. तुझा कोड झोपतोय, सेन्सर कुठं झोपतोय? त्याला डिजिटल पिनवरून पॉवर दे, वाचनाआधी थोडा थांब, आणि कोरड्या-ओल्याचे आकडे नव्यानं घे, व्होल्टेज बदलल्यावर तेही बदलतात. दिव्याचा रोधक उपटून टाक. उसाला तासाला एक वाचन भरपूर झालं, १५ मिनिटांत काय माती वाळते?
मायक्रो रेंजसाठी मीटरची दोन टोकं वायरनं शॉर्ट ठेव, बोर्ड झोपला की वायर काढ.

लेथवाला:
जमलं राव! झोपेत ७० मायक्रो. १० का नाहीत?

ओहम्या:
सेलचं व्होल्टेज ३.३ वर आणणारा बोर्डावरचा रेग्युलेटर स्वतःही पितो. शिवाय सेल उतरत आले की ३.३ टिकत नाही, थोडा माल आतच राहतो.

लेथवाला:
तासाला एका वाचनाचे सरासरी १७ धरून ८७ मायक्रो, कागदावर अडीच वर्षांच्या वर. वडिलांना मात्र 'वर्षभर टिकेल' एवढंच सांगितलंय.