आजीच्या तबकड्या खासगी संग्रहालयाला द्याव्यात का?

प्रश्न : रामबागकर, इंदूर
नमस्कार. आमच्या घरी आजीने जमवलेल्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या साठेक ग्रामोफोन तबकड्या आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक लतादीदींच्या असून भा. रा. तांबे यांच्या कवितांची गाणीही त्यांत आहेत. दीदींचा जन्म 1929 साली इंदुरातच झाला, त्यामुळे हा ठेवा शहराबाहेर जाऊ नये असे आईला वाटते. इंदूरजवळच्या पिगडंबर येथे दीदींच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डचे खासगी संग्रहालय आहे. अशा ठिकाणी तबकड्या द्याव्यात का, आणि देण्यापूर्वी काय करावे?

उत्तर : जुनी सुई, इंदूर
द्याव्यात, परंतु यादीशिवाय एकही देऊ नये. खासगी संग्रहालय बहुधा एका माणसाच्या वेडावर उभे असते. तेच त्याचे बळ आणि तीच त्याची धास्ती, कारण त्या माणसानंतर संग्रह कोण सांभाळणार, हे पुष्कळदा ठरलेले नसते. म्हणून लेबलवरील क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी आणि तबकडीची अवस्था लिहून पोच घ्यावी, तसेच संग्रह कधी मोडलाच तर तबकड्या कोणाकडे जाव्यात, हेही कागदावर आणावे.

तोवर त्या आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, कारण लाखेची तबकडी ठिसूळ असते आणि उन्हाळ्यातील उष्णतेने वाकते. पुसताना स्पिरिट तर मुळीच वापरू नका, त्यात लाख विरघळते. मऊ फडके, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, आणि लेबल कोरडे राहील एवढी काळजी पुरे. माझ्या एका स्नेह्याने हौसेने स्पिरिट लावले होते; त्यानंतर त्या बाजूने नुसती खरखर ऐकू येते.

उत्तर : लष्करवासी, ग्वाल्हेर
तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, म्हणून आमचाही थोडा हक्क सांगतो! येथे जिवाजीगंजात सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरातच ‘सरोदघर’ हे वाद्यांचे संग्रहालय उभे आहे. तेथील वाद्ये पाहताना जाणवते की वस्तू कोणाची, कोणी वाजवली, हे ठाऊक असले की तिच्यापुढे माणूस अधिक वेळ थांबतो. तेव्हा आजीने कोणती तबकडी कधी व कशी मिळवली, हे यादीत अवश्य लिहा.

उत्तर : वकीलकाका, बडोदे
तबकडी आपल्या मालकीची असली, तरी त्यावरील गाणे महाजालावर चढवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो. तांबे 1941 साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे, पण चालीचा हक्क संगीतकाराचा आणि वेगळा असतो.

रामबागकर
सर्वांचे आभार. यादी सुरू केली आहे. पाकिटांवर आजीने पेन्सिलीने खरेदीच्या तारखा लिहिलेल्या सापडल्या. एका पाकिटावर मात्र तारखेऐवजी ‘वन्संनी नेली, परत आणणे’ एवढेच आहे, आणि आत तबकडी नाही. ते रिकामे पाकीटही यादीत घेतले आहे.